न बुडणारी सॅक

३ नोव्हेंबर

विहीणबाई,

नमस्कार करते, कारण करायला हवा. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी एकदम बोलायला लागतो आणि शेवटी प्रत्येकीला स्वतःचंच तेवढं ऐकू आलेलं असतं. पत्रात निदान माझं संपेपर्यंत तुम्हाला गप्प बसावं लागेल.

तुमच्या मुलीने माझ्या मुलाला कुठे न्यायचं ठरवलंय, कल्पना आहे का? रविवारी तो माझ्याकडे आला होता. वर्कशॉपमध्ये ज्या टेबलावर मी ताडपत्री कापते त्यावर त्याने एक नकाशा पसरला. सगळा निळाच निळा, मध्ये माश्या बसल्यासारखे ठिपके. म्हणाला, "आई, ही बेटं. फेब्रुवारीत जाणार आहोत आम्ही दोघं. पाठीवर सॅक टाकायची, होडीने या बेटावरून त्या बेटावर, मिळेल तिथे झोपायचं." मी म्हटलं, "आणि तिथे आहे काय?" तर म्हणे, पाण्याखाली प्रवाळ आहेत! पोवळंच बघायचं होतं तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सोनार बसतो. त्याच्याकडे पंखा आहे, खुर्ची आहे, आणि कुणाचे कपडे ओले होत नाहीत.

चांगल्या नोकऱ्या असलेली माणसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणार आणि त्याला सुट्टी म्हणणार. असो, थेरं म्हणून सोडून दिलं असतं. पण विहीणबाई, माझ्या मुलाला पोहता येत नाही. अजून केस धुताना डोळ्यांवर टॉवेल धरून बसतो तो. हे तुमच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. ती तुमच्या पोहण्याच्या तलावात वाढली, तिला पाणी म्हणजे अंगण. पण त्याचं काय?

तिचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. गेल्या वर्षी ती हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी परत आली तेव्हा मीच दार उघडलं होतं. त्यानंतर त्या घरात हसणं नाही, धड बोलणं नाही. माझा मुलगा चोरासारखा पाय न वाजवता वावरतो. आणि आता एकदम बेटं! तिला समुद्रात मन रमवायचं असेल तर खुशाल रमवू दे, माझा मुलगा त्यात कशाला?

तिला आवरा. मला एकच आहे.

तुमची विहीण

*

९ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र तलावाच्या ऑफिसात ओल्या हातांनी उघडलं, त्यामुळे काही ओळी पुसल्या गेल्या. बहुधा त्याच गोड असाव्यात, कारण उरलेल्यांत एकही नव्हती.

माझ्या मुलीने तुमच्या मुलाला पोत्यात घालून पळवलेलं नाही. दारातून वाकून आत येतात ते, एवढे उंच आहेत. त्यांना नाही म्हणता येत नसेल तर ते तुम्ही शिकवायला हवं होतं, मी नव्हे. आणि मला या बेटांबद्दल अक्षरही माहीत नव्हतं. एकाच गावात राहून माझी लेक मला काही सांगत नाही, हे तुमच्या पत्रातून मला कळावं, याचं मला काय वाटलं असेल ते तुम्हाला वाटून घ्यायची गरज नाही.

पूर्वी रोज ऑफिसला जायच्या आधी ती तलावावर यायची, लहान पोरांना शिकवायची. हॉस्पिटलनंतर एकदाही आलेली नाही. मी बोलवायचं सोडून दिलं. त्यामुळे ती आपणहून समुद्रावर निघाली असेल, तर मी तिला आवरणार नाही. उलट होडी ढकलून देईन.

आणि प्रवाळ म्हणजे सोनाराच्या पेटीतलं पोवळं नव्हे. जिवंत असतात ते. त्यांच्यामधून रंगीबेरंगी मासे फिरत असतात. वरून तरंगत बघायचं असतं, बस्स.

राहता राहिलं पोहणं. पोहता न येणं हा काही जन्माचा रोग नाही. पाठवा जावईबापूंना माझ्याकडे. मी इतकी वर्षं हेच करतेय. पोरं पाण्याला घाबरत नाहीत, आया घाबरतात आणि पोरं आयांकडे बघतात. म्हणून पहिल्या दिवशी मी सगळ्या आयांना फाटकाबाहेर काढते. तुम्ही आधीच दुसऱ्या गावी आहात, निम्मं काम झालंय.

विहीण

*

१६ नोव्हेंबर

विहीणबाई,

जावयाने सासूसमोर अर्ध्या चड्डीत थरथरत उभं राहायचं, एवढंच बघायचं राहिलं होतं! मला वाटलं, तो लाजेल, नाही म्हणेल. तर लगेच "सोमवारपासून जातो" म्हणून मोकळा. इतक्या उत्साहाने तो कधी शाळेतही गेला नाही. त्यावरून मी काय ते समजले. तुमच्या मुलीचा धाक आहे, दुसरं काय? "मला माहीत नव्हतं" असं तुम्ही म्हणता, मी मानून घेते, वाद नको म्हणून.

शिकवा. पण खोल बाजूला न्यायचं नाही, शिट्टी मारून अंगावर ओरडायचं नाही, आणि त्याचे कान ओले राहू द्यायचे नाहीत. त्याला लगेच सर्दी होते.

परवा दुकानातली एक सॅक मला दाखवायला घेऊन आला. आधी मी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. जिकडे बघावं तिकडे पट्ट्या, जाळ्या, चेन, खिशाला खिसा. आणि उलटून शिलाई बघते तर एकेरी! मी ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवणारी बाई. माझी शिलाई वाऱ्यावादळात उसवत नाही. माझ्या मुलाने असलं खेळणं पाठीवर घ्यायचं? मी म्हटलं, "परत करून ये. सॅक मी शिवते."

तुमच्या मुलीला हवी असेल तर तिलाही शिवीन. तिची पाठ किती रुंद आहे ते कळवा.

तुमची विहीण

*

१ डिसेंबर

विहीणबाई,

कान कोरडे आहेत. बाकी सगळ्याची बोंब आहे.

तुमच्या मुलाला शिकवणं म्हणजे खांबाला चालायला शिकवणं. पहिला आठवडा त्यांनी कठड्याची दांडी सोडली नाही. दांडी धरून मला विचारतात, "फुप्फुसात हवा असताना माणूस बुडतो कसा?" मी म्हटलं, "सोडा म्हणजे कळेल." सात वर्षांची पोरं शेजारून सुळसुळ जातात आणि वर म्हणतात, "काका, जरा बाजूला." काका बाजूला होतात, पण दांडी धरूनच.

पण एक सांगते, आणि हे तुम्ही कापून भिंतीवर लावलंत तरी चालेल. इतका घाबरलेला माणूस इतक्या नेमाने रोज आलेला मी पाहिला नाही. ओठ निळे पडतात, दात वाजतात, तरी दुसऱ्या दिवशी हजर. काल पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं. वर आले ते असे बघत होते, जसं काही समुद्र जिंकून आले.

त्यांना मी विचारलं, की बाबा, जायचं नसेल तर मला सांगा, मी लेकीशी बोलते. त्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी तुम्हाला सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. मला ती ऐकून दोन दिवस झोप नीट लागली नाही, एवढंच कळवते.

माझ्या मुलीच्या पाठीची रुंदी मोजायला मी गेले नाही. ती मला घरात बसवून चहा देते आणि खिडकीबाहेर बघत बसते. टेप काढायची छाती झाली नाही.

विहीण

*

१२ डिसेंबर

विहीणबाई,

शब्द तुम्ही दिला असेल, माझ्या मुलाला मी जन्म दिलाय. त्याने काय सांगितलं हे कळायला मला तुमच्या पत्राची गरज नाही. त्याला जायचं नाही. पण बायकोपुढे तोंड उघडायची हिंमत नाही, म्हणून निळ्या ओठांनी रोज पाण्यात उतरतोय. ऐकून तुमची झोप उडाली म्हणता, माझ्या तर तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही काही करणार नाही हे दिसतंच आहे, म्हणून मी माझं केलं. सॅक तयार आहे. आणि नुसती सॅक नव्हे. मशीनच्या खोक्यांत येतो तो जाड फोम माझ्याकडे पडून होता. तो मी पाठीच्या बाजूला आतून सगळीकडे भरला, खांद्याच्या पट्ट्यांतही भरला, वरून दुहेरी कापड. मागच्या अंगणातल्या टाकीत विटा घालून सोडली, तरी तरंगली! मशीनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. छातीवर रुंद पट्टा, त्याला ताडपत्रीचं लोखंडी बकल. लाट आली काय, होडी उलटली काय, ती अंगावरून निघायची नाही. कुणी काही शिकवो न शिकवो, माझा मुलगा आता बुडत नाही.

कालच घेऊन गेला. मी त्याला बजावलंय, एक दिवस ती घालून सासूबाईंच्या तलावात उतर. आणि खोल बाजूलाच, नाहीतर त्या म्हणतील पाय टेकले होते. तुम्ही काठावर खुर्ची टाकून बघा. इतकी वर्षं तुम्ही जे शिकवताय ते मी एका शिलाईत केलंय.

तुमची विहीण

*

१५ डिसेंबर

तुमचं पत्र मला आज संध्याकाळी मिळालं. तुमचा मुलगा सकाळीच येऊन गेला.

मी पोरांची हजेरी घेत होते. बघते तर जावईबापू पाठीला कपाटाएवढी सॅक बांधून खोल बाजूच्या काठावर उभे. मला हात केला, हसले, आणि "अहो, काय करताय" म्हणेपर्यंत उडी.

विहीणबाई, ट्रकवरच्या मालाला नाक-तोंड नसतं. माणसाला असतं, आणि ते पुढच्या बाजूला असतं. तरंगणारी वस्तू पाठीला बांधली की पाठ वर येते आणि तोंड पाण्यात जातं. त्यांनी उलटायचा प्रयत्न केला, सॅकने पुन्हा पालथं घातलं. पुन्हा केला, पुन्हा घातलं. पट्टा सोडायला गेले तर बकल निघेना. निघेल कसं? तुमचं काम! मी साडीसकट पाण्यात गेले, खालून शिरून त्यांना उताणं केलं आणि तसंच धरून उथळ बाजूला ओढत आणलं. पट्टा शेवटी ऑफिसातल्या कात्रीने कापला, तोही चटकन कापला गेला नाही.

ते ठणठणीत आहेत. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण दहा-बारा ओळी तुमचाही श्वास अडकावा असं मला वाटलं. माझा सकाळी अडकला होता.

बुडत नाही म्हणे! प्रेतही तरंगतं, विहीणबाई.

आता तो शब्द मी मोडते, कारण तो पाळण्यापायी आज हे झालं. बेटांची कल्पना माझ्या मुलीची नाही. तिला अजून काहीही माहीत नाही. सगळं तुमच्या मुलाचं आहे. नकाशा त्याचा, होड्या त्याने शोधल्या, सुट्ट्या त्याने जमवल्या. दांडीला धरून मला म्हणाला, "ती पाण्यात असली की हसायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती इथेच, या पाण्यात, कुणालातरी हसत होती. घरात मला तिला हसवता येत नाही. सगळं करून बघितलं. म्हणून तिला पाण्यात नेणार आहे. पण मी काठावर बसून राहिलो तर ती उतरायची नाही."

तुम्हाला का सांगितलं नाही, हेही विचारलं मी. म्हणाला, "माझी कल्पना आहे असं कळलं तर आई हाणून पाडेल. तिची आहे असं वाटलं तर नुसतीच चिडेल." चांगलं ओळखतो हो तुम्हाला.

सॅक इथे वाळत पडलीय. घेऊन जा.

*

१९ डिसेंबर

विहीणबाई,

पत्र मिळालं.

सॅक त्याच्याबरोबर परत पाठवा. मी स्वतः उसवणार आहे. वर्कशॉपमध्ये कुणाला काही सांगितलेलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्या त्या बायका रोज विचारतात, सॅक पसंत पडली का.

मी त्याला ठार मारलं असतं. माझ्या हातांनी, दुहेरी शिलाई घालून.

तुम्ही होतात म्हणून वाचला. पट्टा कसा असावा, बकल कुठलं लावावं, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसंच करीन.

आणि सूनबाईबद्दल मी जे काही बोलले, ते तिच्या कानावर गेलं नसेल तर जाऊ देऊ नका.

*

१८ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं मागचं पत्र वाचून मला जास्तच काळजी वाटली. तुम्ही टोमणा न मारता एवढं लिहिलंत, म्हणजे आजारी पडलात की काय! सॅकला फोम नको, साधी असू दे. पट्टा असा की एका हाताने ओढला तर सुटला पाहिजे. होडीत चढताना ती पाठीवर ठेवायचीच नाही, हातात घ्यायची. तरंगायची जाकिटं होडीवाले देतात, ती पुढून फुगीर असतात, का ते आता तुम्हाला सांगायला नको.

तर ऐका. जावयांनी माझ्या मुलीला शेवटी बेटांचं सांगितलं. ती सरळ नाही म्हणाली. म्हणाली, "मी पाण्यात उतरत नाही, तुला पोहता येत नाही, तिथे जाऊन काय वाळू चाळायची?" दोन आठवडे घरात तो विषय बंद. मी म्हटलं, संपलं. नकाशा गेला कपाटात.

परवा सकाळी ती तलावावर आली. वर्षानंतर. पोहायला नव्हे, माझ्याशी भांडायला; शिकवणीचं आणि सॅकचं तिला आत्ता कळलं होतं. ऑफिसची पर्स खांद्याला, पायात बूट, आणि फाटकातूनच सुरू, की माझ्या नवऱ्याला तू माझ्यामागे इथे बोलावतेस, तो बुडता बुडता वाचला तेही मला सांगत नाहीस! सगळं खरं होतं. तेवढ्यात तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. तुमचे चिरंजीव दांडी सोडून पोहत होते. म्हणजे त्यांच्या मते पोहत होते. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, पाणी सगळीकडे.

ती माझ्याशी भांडायची थांबली. मग ओरडली, "अरे गुडघे नको वाकवूस! पाय सरळ!" ते दचकले, पाणी प्यायले, खोकत दांडीला लटकले. ही तशीच बुटांसकट पायऱ्या उतरून पाण्यात गेली. पोटरीपर्यंत. "असा नाही, असा," म्हणत त्यांचा पाय हातात धरून दाखवायला लागली. बूट कामातून गेले. मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. मला काही बघवेना.

जाणार आहेत. दोघंही. लेकीच्या पाठीची रुंदी माझ्याइतकीच आहे, आता मोजून घेतली. सोबत माप पाठवतेय.

विहीण

*

२९ जानेवारी

विहीणबाई,

आजारी पडायला मला वेळ कुठे आहे? दोन सॅक शिवायच्या होत्या. मिळाल्याचं कळलं. पट्टा ओढून बघा. मी शिवताना, जेवताना, झोपायच्या आधी ओढून बघितलाय. माझ्या हाताखालच्या बायका म्हणाल्या, बाई, तुम्ही सुटणारी वस्तू शिवायला कधीपासून लागलात? मी म्हटलं, कामं करा.

तुमच्या मापावरून सूनबाईची सॅक जरा ढगळ झालीय, असं तो फोनवर म्हणाला. म्हणजे एकतर तुमची पाठ तिच्याएवढी नाही, किंवा तुम्हाला टेप धरता येत नाही. पोहणं सोडून तुम्हाला आणखी काही येतं का, हा मला आधीपासून प्रश्न आहे.

निरोप द्यायला मी येणार नाही. विमानतळावर मी रडेन, आणि ते तुम्ही बघाल. त्यापेक्षा इथे बसून रडलेलं बरं. तुम्ही नीट पोचवा त्यांना. आणि होडीत सॅक हातात घ्यायची, हे तुमच्या तोंडून सांगा. माझं तो ऐकतो, आता तेच नको.

तुमची विहीण

*

१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

फोन आला काल. आवाज तुटत होता, पण कळलं. तिसऱ्या बेटावर आहेत. झोपडीला दार नाही, पडदा आहे. दोघं काळेठिक्कर पडलेत.

मुख्य बातमी पुढे आहे. तुमचे चिरंजीव जाकीट घालून, तोंडाला नळी लावून प्रवाळावर तरंगायला उतरले. माझी मुलगी शेजारी. तोंड खाली घातलं, आणि खालून एक मासा त्यांच्याकडे बघायला वर आला. हे नळीतून किंचाळले! पाण्याखाली माणूस किंचाळला की जो आवाज होतो तो काढून दाखवत होती मला फोनवर. मासा केवढा, तर तळहाताएवढा. ते मागे वळून तिच्या गळ्यातच पडले. आणि ती हसायला लागली. चष्म्यात पाणी गेलं, नाकात गेलं, तरी थांबेना. होडीवाल्याला वाटलं काही झालं, त्याने दोघांना ओढून वर घेतलं. वर आल्यावरही हसत होती. मला सांगतानाही धड वाक्य पुरं करता येत नव्हतं तिला.

लगेच तुम्हाला फोन करणार होते. मग म्हटलं, तुमच्या मुलाची फजिती आहे, तुम्ही अर्ध्यातच तोडाल. म्हणून लिहितेय. रागवा आता.

विहीण

*

२२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या पत्राच्या आधीच मला सगळं कळलं होतं. मिजास करू नका. मलाही फोन आला होता, आणि तो सूनबाईने केला होता, स्वतःहून. "आई, तुमचा मुलगा माशाला घाबरला," एवढं म्हणाली आणि हसत सुटली. मला तो आवाज आधी ओळखूच येईना. मी म्हटलं, कोण बोलतंय?

मग मी तिला चांगली झापली. म्हटलं, हसतेस काय, त्याला काही झालं असतं म्हणजे? तर आणखीच हसली. मागून तो ओरडतोय, "आई, मासा मोठा होता!" आणि ही म्हणतेय, "एवढासा होता, एवढासा!" माझ्या पोराला कुणी हसलेलं मला आजवर खपलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. कितीतरी माणसं तोडली मी त्यापायी. पण मला वाटत होतं, फोन बंद पडू नये.

फोन ठेवल्यावर मी मोठं मशीन सुरू केलं. त्याखाली कापड नव्हतं. बायकांना मी रडल्याचं ऐकू जाऊ नये म्हणून लावलं. वर्षभर त्या घरातली ती शांतता मी ऐकलीय, विहीणबाई, आणि तुम्हीही ऐकलीय. हे तुम्हाला लिहायला माझ्या जिवावर येतंय, पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, सून हसली, त्यात काय एवढं?

आता एक काम करा माझं. ते परत आले की तो पुन्हा तुमच्या तलावावर येईल, आणखी शिकवा म्हणेल. शिकवू नका. त्याला येतंय तेवढं तिला हसवायला पुरे आहे.

तुमची विहीण